तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ

कामेनने बायकोचं नाटक पुसलं, ते अस्वलाची वाक्यं मोजण्याच्या नादात. त्याची बायको रालित्सा बल्गेरियातल्या रुसे शहराच्या बाहुली-थिएटरात नाटकं लिहायची. अस्वलाला जास्त वाक्यं की कोल्ह्याला, यावरून तिच्या दोन नटांचं बिनसलं होतं. आपण मिटवून टाकू म्हणून कामेनने कचेरीत बसल्या बसल्या छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि थिएटरच्या सामायिक फोल्डरमधली फाईल वाचायला उघडायची, ती लिहायला उघडली. तशी उघडली की आतलं सगळं जातं. पडद्यावर इशारा आला होता: 'लेखन-अवस्था. पुढे?' त्याने सवयीने 'हो' दाबलं. प्रयोग शनिवारी होता आणि दुसरी प्रत ठेवायची सवय रालित्साला नव्हती.

वाईट हे की प्रोग्रॅमची भाषा त्याच्याच कचेरीची आणि इशाऱ्याचे शब्द त्याचेच होते. शाळकरी मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत इशारे लिहायचं काम खरं नेवेनामावशीचं. मावशी कामेनच्याच इमारतीत राहायची आणि इमारतीचा कारभारही तीच बघायची. त्यामुळे खालच्या दारावर चिकटवायच्या सूचनांवर तिचा हात बसलेला. 'तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काल दार उघडं टाकलं. मांजर आत शिरलं आणि भाजून ठेवलेल्या मिरच्यांत लोळलं. दार खांद्याने ढकलावं, मग लागतं.' तिसऱ्या मजल्यावर गृहस्थ एकच, कामेन.

फाईलींचे इशारेही ती याच चालीवर लिहायची. मुलाने फाईल उघडून तशीच टाकली की पडदा सांगायचा, अमुक ओळीत उघडलीस, लावली कुठेच नाहीस, काम झालं की लावून जा. कामेन हसायचा. "मावशी, हा संगणक आहे, आपला जिना नव्हे," म्हणायचा आणि तिच्या चार ओळी छाटून दोन शब्दांवर आणायचा. 'लेखन-अवस्था'च्या जागी तिने आधी लिहिलं होतं, 'या फाईलीत मजकूर आहे. पुढे गेलास तर तो सगळा जाईल. नुसता वाचायचा असेल तर "नाही" म्हण.'

आता तोच कामेन तिच्या टेबलापाशी पडेल चेहऱ्याने उभा होता. मावशीने हातातली चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा खाली ठेवली, बोटांचं तूप पुसलं आणि एवढंच विचारलं, की रालित्साच्या संगणकावर ते नाटक आत्ता उघडं आहे का. कामेन म्हणाला, सकाळपासून आहे, ती कधी काही बंद करतच नाही. उघड्या टाकलेल्या वस्तूचा मावशीला आनंद झाला, तो जन्मात पहिल्यांदाच.

"मग तिच्याकडे मजकूर आहे अजून. लाव फोन."

कामेनने फोन लावला. इशारा कसा द्यावा याची त्याची रीत ठरलेली होती.

"रालि, हात लावू नकोस."

"कशाला?"

"फाईलला."

"कुठल्या? अरे, इथे काहीतरी विचारतोय. फाईल बाहेरून बदलली आहे, नवी प्रत घेऊ का म्हणून. हो म्हणते."

"थांब, थांब," कामेन ओरडला. मावशीने फोन हिसकावला.

"रालित्सा, नेवेना बोलतेय. तुझ्या नवऱ्याने तुझं नाटक पुसलं. 'हो' म्हटलंस तर तुझ्या समोरचंही जाईल. 'नाही' म्हण. मग दुसऱ्या नावाने ठेव."

पलीकडून माऊसची एक टिचकी आली, मग आणखी एक. मग रालित्साचा आवाज आला, की अस्वल आहे, कोल्हा आहे, शेवटचा प्रवेशही आहे, आणि आता जरा नवऱ्याला फोन द्या.

कामेनने तो फोन बराच वेळ कानापासून लांब धरून ऐकला. ठेवल्यावर त्याने आधी 'लेखन-अवस्था' खोडून मावशीच्या ओळी जशाच्या तशा परत घातल्या. खुर्ची मावशीकडे वळवून मग तो जरा घुश्शातच म्हणाला, "नाटक वाचलं, उपकार झाले. पण नवऱ्याने पुसलं, हे सांगायलाच हवं होतं का?"

मावशीने बानित्सा पुन्हा उचलली.

"चूक कुठल्या ओळीत आहे, ते सांगावं लागतं."