हळद उचलेपर्यंत पळायचं नाही

हळदीच्या दिवसांत आमच्या गावाला मैदान उरत नाही. शिजवून काढलेली हळद शाळेच्या पटांगणात, विहारापुढं, मोकळी जागा दिसेल तिथं वाळत पडते. मग भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे हट्टा गावाकडं जाणाऱ्या डांबरी सडकेवर पळतात. कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या त्याच सडकेनं जातात, आणि त्यांना मागं दिवा नसतो.

त्या पोरांमागं माझी सहावीतली मुलगी पळत होती.

तिला न्यायचा माझा धाकटा भाऊ. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. नोकरी लागल्यावर माहेरच्याच गावात स्वतःचं घर बांधलं, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. भाऊ शेजारीच राहतो. पोलीस भरतीला तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा पळण्यातच मागं पडला. आमच्याकडं पळणं म्हणजे भरती. नुसतं बरं वाटतं म्हणून कुणी पळत नाही. भाची बसच्या मागं पळून बस थांबवते हे त्यानं पाहिलं आणि ठरवून टाकलं की हिला आत्तापासूनच तयार करायचं.

ती परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. चहा उतू जायचा. लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला की मी दारात. अंधारातून तिची पावलं वाजली की मगच पिठात हात घालायचे.

भीती सडकेची होती, म्हणून घरात काय चाललंय तिकडं लक्ष गेलं नाही. मग एका रविवारी दिसलं, ती भांडी घासायला उकिडवी बसत नव्हती. एक पाय लांब करून बसली होती. ओट्याच्या पायऱ्याही आडव्या अंगानं, भिंतीला धरून उतरली. मी तिला जवळ ओढून सलवार वर केली. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं होतं. बोट लावताच तिनं ओठ चावला.

घोट्यांवर करकोचे होते. ते काहून, विचारलं, तर तिनं सलवार खाली ओढली. शेवटी तिनं दप्तरातून दोन पिशव्या काढल्या. जुन्या जीन्सच्या पायाच्या, आत वाळू भरून शिवलेल्या. मामा स्वतःच्या पायाला बांधायचा, तशाच त्यानं तिच्या मापाच्या केल्या होत्या. ओझं बांधून पळालं की काढल्यावर पाय हलका उचलतो, असं इथली सगळीच भरतीची पोरं मानतात.

"मामाला बोलू नको, आई," ती म्हणाली. "माझं पळणं बंद करशील तू."

दवाखान्यात जाताना वसमतपर्यंत बसमध्ये मी मनात तेच वाक्य ऐकत होते. पोरगी लंगडी होईल ही एक भीती. दुसरी त्याहून जुनी. मीही पळायचे. सातवीनंतर कुणी मला नको म्हणालं नाही, फक्त पळायला जायचं राहून गेलं, ते राहिलंच. हिचंही तसंच झालं तर?

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, फोटो काढला. वाढत्या वयात हाड अजून कच्चं असतं, तिथं ताण पडला की असं होतं, म्हणाले. काही आठवडे पळणं बंद, ओझं तर कायमचं बंद. मग ते माझ्याकडं वळले. "बरं झाल्यावर घरी बसवू नका. खो-खो खेळू द्या, लंगडी खेळू द्या, झाडावर चढू द्या, विहिरीत पोहायला शिकवा. सगळ्या अंगानं वाढू द्या तिला. नुसतं पळणं पुढं कधीही करता येईल."

घरी आल्यावर मी विळीवर पिशव्या फाडल्या. भाऊ समोरच उभा होता. वाळू अंगणात पडताना तो बघत राहिला.

"अक्का, मी उशिरा सुरू केलं म्हणून राहिलो," तो म्हणाला. "तिचं तसं होऊ नये वाटलं."

"तुझी हाडं भरल्यावर तू पळायला लागला," मी म्हणाले. "तिची अजून भरायची हायत. हळद उचलेपर्यंत कुणी पळायचं न्हाई. मग मैदानात, मातीवर, आन खेळायचं."

 संध्याकाळी तो येऊन तिच्याशी बांगड्यांच्या तुकड्यांनी काचापाणी खेळत बसला.

हळद उचलली तेव्हा मैदानाची माती पिवळी पडली होती. पोरींनी खो-खो मांडला. तिचं टेंगूळ ओसरलं होतं, पण पूर्ण गेलं नव्हतं. मी कडेला उभी. भाऊ माझ्या बाजूला, शिट्टी हातात, ती वाजवायचं विसरलेला. खो-खोच्या रांगेत, पाटीवर बसायचं म्हणजे उकिडवंच बसावं लागतं. ती थांबली, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि हळूहळू गुडघे वाकवले. माझा पदर माझ्याच मुठीत चुरगळला होता.

मागच्या पोरीनं तिच्या पाठीवर थाप मारली. "खो!"

ती उठली. पळाली. वळताना घसरून पडली, पुन्हा उठली. मी फक्त एवढंच पाहत होते की ती आधी कोणता पाय टेकवते.

तोच टेकवला, दुखरा.

हात झटकून ती पुढं गेली. मी मात्र अजून सकाळी हातातलं काम थांबवते आणि ती ओट्याच्या पायऱ्या कशी उतरते ते ऐकते.