टाकी धुणार, पण हे सांगितलं कोणी?

मंडळी, आज कांजूरमार्गला आमच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते ऐका.

निवडणुकीत भांडणं झाल्यापासून आमच्या सोसायटीचे दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. एक आमचा, एक त्यांचा. आमच्या ग्रुपवर सगळे एकाच मताचे, त्यामुळे वाद नाही, नुसते अंगठे. सेक्रेटरी सावंतकाका त्यांच्या मताचे, म्हणून त्यांना आम्ही काढून टाकलंय.

सकाळी दूध आणायला उतरले तर काका जिन्यात भेटले. म्हणाले, "पाणी भरून ठेव गो. आज टाकी धुवची आसा."

मी लगेच आमच्या ग्रुपवर टाकलं.

"कोणी सांगितलं?"

"सावंतकाकांनी."

"मग झालं! ही माणसं रोज काहीतरी सोडतात."

माझ्या शेजारच्या शुभांगीने तर लिहिलं, "फेक आहे, घाबरू नका."

दहा वाजता नळ कोरडे. आणि शुभांगीकडे आज नातीचं बारसं, घरभर पाहुणे! बिचारी रडकुंडीला आली. मी दोन बादल्या दिल्या, त्या कुठे पुरणार? शेवटी सावंतकाकांनीच आपलं भरलेलं पिंप तिच्यासाठी उघडलं. जेवणं नीट झाली.

मला वाटलं, आता तरी डोकी ताळ्यावर येतील.

दुपारी शुभांगीचा मेसेज आला : "बघितलंत? मुद्दाम आपलंच पाणी बंद केलं."

खाली अंगठेच अंगठे.

"अगं, बिल्डिंगला टाकी एकच आहे" एवढंच लिहून मघापासून बसलेय. पाठवू? की मलाही काढतील?