जपानला जाताना मानेवरचं गोंदण

पोरींनो, माझी नात जपानला नोकरीला चालली. आज सकाळी मानेवरचं गोंदण काढायला निघाली. म्हणे, "आज्जी, तिथं हे चालत न्हाई."

म्हणलं, "आधी माझं कपाळ बघ, मंग जा."

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमचे मालक विलायतेला नोकरीला निघाले. माझ्या कपाळावर हिरवं गोंदण. "गोऱ्या लोकांत हे बराबर दिसत न्हाई," म्हणाले अन् स्वतःच तेजाब लावलं. डॉक्टर होते ना, हात बिलकुल थरथरला न्हाई! गोंदणासंगं कातडी बी गेली.

"जखम भरली की बोलावतो," म्हणाले. जखम महिन्यात भरली. मी अन् आमचं लेकरू इथं परतूरलाच राह्यलो.

नातीनं सगळं ऐकलं, माझ्या कपाळावरून हात फिरवला अन् दवाखान्यात गेलीच. आता मानेला पट्टी बांधून, मी सांगते तसं हे लिहून राह्यली.

परदेशात गेलेल्या पोरींनो, तुम्ही काय काय पुसून गेल्या?