वाटीतलं कुंभारणीचं घर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणालाही विचारा, रुचिताचं घर लगेच दाखवतील, पण कलाकाराचं घर म्हणून नव्हे. "तालमीच्या मागं, पत्र्याच्या शेडात माती कालवत बसती ती बाई न्हवं?" एवढीच तिची ओळख. पुण्या-मुंबईची माणसं तिच्या थाळ्या कागदात गुंडाळून, तान्ह्या पोरासारख्या छातीशी धरून नेत. पेठेला त्याचं काय? पेठेत मान फुटबॉल खेळणाऱ्याला.

थाळ्या मात्र बघत बसाव्यात अशा. एकीवर फणसाच्या सालीचे काटे, एकीवर आटलेल्या तळ्यातल्या चिखलाच्या भेगा, एकीवर जाळी पडलेल्या पिंपळपानाच्या शिरा. रुचिता कधी चित्र बघून नक्षी करायची नाही. ती वस्तू हातात घ्यायची, दिवसभर चाचपायची, बोटांना पाठ झाली की मग मातीकडं वळायची. आणि या वस्तू आणायचा तिचा नवरा, गोमटेश. गारगोटीच्या एका शाळेत मास्तर होता. येता-जाता साल दिसली, शेंग दिसली, की मोटारसायकल बाजूला लावणार. एकदा गांधीलमाश्यांचं टाकलेलं पोळं घेऊन आला, तेही आत कुणी उरलं नाही ना, याची दहादा खात्री करून. जैनाचं पोर ते, दुसरं काय करणार!

स्वतः त्यानं मातीला कधी हात लावला नाही. फक्त एकदा, फाल्गुनातल्या एका रविवारी, हट्टानं बसला आणि एक वाटी केली. अशी वेडीवाकडी की विचारू नका. मग तिच्या बुडात अंगठा रुतवून म्हणाला, ही माझी नक्षी, ही पण निसर्गातलीच हाय की. रुचिता पोट धरून हसली आणि पुढच्या खेपेला भाजू म्हणून तिनं ती कच्ची वाटी फळीवर ठेवून दिली.

चैत्रात गोमटेश वर्गात शिकवता शिकवता खुर्चीत बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं.

भेटायला माणसांची रीघ लागली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं ज्यानं त्याला जन्मात चहा पाजला नाही तोही गुण गाऊन गेला. रुचिता रडली नाही. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, दगडाची हाय गं बाई, म्हणायच्या. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार! पण खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटत होतं. मातीत हात घातला की ओलं लागायचं, बस्स, तेवढंच. फणसाची साल आणि पुठ्ठा यात बोटांना फरक कळेना. नवरा गेल्याचं दुःखसुद्धा दुसऱ्या कुणाचं असावं, असं लांबून दिसायचं.

एकच गोष्ट तिनं धरून ठेवली होती. ती वाटी भाजायची. कच्च्या मातीचा भरवसा काय? पाणी लागलं की परत चिखल. गोमटेशचा अंगठा त्या बुडात होता, आणि हात फिरवावा असं त्याचं दुसरं काही घरात उरलं नव्हतं. रोज ती भट्टीपर्यंत जायची आणि परत यायची. असं करता करता आषाढ आला.

आषाढ म्हणजे अडचण. चातुर्मासात किडामुंगी फार, म्हणून तेवढे महिने भट्टी पेटवायची नाही, हा सासूचा कायदा. प्रभावती तिचं नाव, घरात सगळे आक्का म्हणत. भट्टी बांधायला तिनं होकार दिला तो याच अटीवर. इतर दिवसांतही भट्टी पेटायच्या आधी आक्का मऊ कुंचा घेऊन बसायची, आतला कानाकोपरा झाडायची, प्रत्येक भांडं उलटंपालटं करून मुंगी आहे का बघायची. गाळल्याशिवाय पाणी नाही, सूर्य बुडाल्यावर घास नाही, अशी बाई.

चातुर्मास बसायच्या आदल्या दिवशी रुचितानं शेवटी भट्टी भरायला घेतली. आक्का एकेक भांडं झाडून तिच्या हातात देत होती. वाटीपाशी तिचा हात थांबला.

वाटीत कुंभारणीनं घर केलं होतं. कुंभारीण म्हणजे ती दोऱ्याएवढ्या कमरेची माशी. शेडातलाच ओला चिखल उचलून तिनं बरोब्बर अंगठ्याच्या खळग्यात थापला होता, आत अंडी घातली होती, पिल्लांसाठी अळ्या भरल्या होत्या आणि तोंड लिंपून ती निघून गेली होती. कुठं भोक नाही. म्हणजे पिल्लं आतच, जिवंत.

मग आक्का बोलली.

"खरवडून काढ ते."

रुचितानं तिच्याकडं पाहिलं.

"काढ म्हणतोय न्हवं? माझ्या पोराचं बोट हाय त्यात. पाप लागंल ते मला लागू दे."

रुचिताचा हात उचलेना, तेव्हा आक्कानंच माती कापायची सुरी घेतली. टोक चिखलाला टेकवलं. सुरी काही पुढं सरकली नाही. "न्हाय जमत," ती म्हणाली. "आई असून न्हाय जमत." आणि सुरी टाकून ती हमसून रडायला लागली.

आता वाटेल की रुचिताच्या काळजात काहीतरी हललं असेल. नाही हललं. खोटं कशाला सांगू? तिनं वाटी उचलून फळीवर ठेवली, बाकीची भांडी लावली आणि भट्टी पेटवली.

मग कोल्हापूरचा पाऊस. मिठाला पाणी सुटलं, भिंती ओलावल्या. कच्च्या वाटीनंही ओल धरली, कड झडू लागली. झाकावी तर आतल्या जिवांना वारा नको? रोज सकाळी आक्का विचारायची, गेली का गं ती? आणि रुचिता नाही म्हणायची.

नागपंचमी होऊन गेली आणि एका संध्याकाळी चिखलाला भोकं दिसली. पिल्लं माश्या होऊन उडाली होती. आक्का शेजारी येऊन बसली. रुचितानं ते रिकामं घर नखानं हलकेच उचकटलं, आणि तेवढ्यानंच वाटीचं बूड ढासळलं. ओलीनं सडलेलंच होतं ते. खळगा गेला, अंगठा गेला, मांडीवर नुसती माती पडली. आक्कानं डोळे मिटून घेतले. माशीच्या लाळेनं घट्ट झालेलं ते घर मात्र अख्खं रुचिताच्या हातात राहिलं होतं. कच्ची माती परत भिजवायच्या बादलीत टाकायची, ही हाताची सवय. टाकता टाकता ते हातात उलटं झालं.

खाली गोमटेशचा अंगठा होता.

खळगा नव्हे, वर आलेला. खळग्यात थापलेला चिखल त्याच्याच आकारात वाळला होता. अंगठ्याचा फुगीर भाग, त्यावर गोल फिरलेल्या रेघा, आणि त्यांना कापत गेलेला एक तिरपा वण. आक्कानं तो लगेच ओळखला. "अडकित्त्यानं कापलं होतं," ती म्हणाली. "बालवाडीत होता."

रुचितानं आपला अंगठा त्यावर टेकवला. रेघा लागल्या. एकेक वेगळी लागली, वणही लागला. तिनं हात काढला नाही. तो मेला, हे तिला त्या क्षणी समजलं, आणि इतकं दुखलं की तिला श्वास घेता येईना. ही आता रडणार, म्हणून आक्का सरसावून बसली.

"आक्का," रुचिता म्हणाली, "भूक लागलीया मला."

चैत्रापासून ती कुणी ताट पुढं ठेवलं की गिळायची, मागितलं कधी नव्हतं. आक्कानं दाराबाहेर पाहिलं. आभाळ असं भरून आलं होतं की सूर्य आहे का बुडाला, काही कळायला मार्ग नव्हता. घड्याळ आत भिंतीवर होतं. तिकडं तिनं मान वळवली नाही.

"हाय अजून उजेड," ती म्हणाली. "चल, भाकरी टाकतो. दोघी बसू जेवायला."