घरात आधी कोण जेवतं

डब्याची पिशवी धुवायला काढली तेव्हा तळाशी एक हातमोजा सापडला. उजव्या हाताचा. तर्जनीचं टोक कात्रीनं कापावं तसं सरळ उडालेलं. मी तो हातात घेऊन मोरीपाशीच बसले. नवरा नुकताच आत आडवा झाला होता. थोड्या वेळापूर्वी त्यानं चहाचा कप माझ्याच हातून घेतला होता, बोटं जागेवर असल्याचं मी पाहिलं होतं, तरी उठून आत गेले आणि पांघरूण सारून पुन्हा पाहिली.

तो मुरबाडच्या एका कारखान्यात रात्रपाळीला जातो. पत्र्याला आकार देणारं प्रेस मशीन चालवतो. पत्रा हातानं आत सरकवायचा, हात मागे घ्यायचा, मग पायानं पेडल दाबायचं. रात्रभर हेच. पहाटे कधीकधी पाय हाताच्या आधी चालतो, असं तो एकदा हसत म्हणाला होता. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

माझं माहेर वाशिंदचं. आमच्या चाळीत निम्मी घरं पाळीवाल्यांची. कोणाच्या दाराला दिवसा पडदा दिसला की पोरंसुद्धा दबक्या पावलांनी जायची. सासर टोकावड्याच्या पुढं, घाटाकडच्या रस्त्यापासून आत. इथं दिवसा झोपणारा माणूस एकतर आजारी, नाहीतर आळशी. येणारा जाणारा ओट्यावरून हाक मारणार, "हाय का रे घरात?" आणि घरात असून उठला नाही तर माणूस शेफारला म्हणणार.

ते एक वेळ मी निभावलं असतं. माझं तोंड काही कमी नाही. पण घरातच एक नियम होता, त्यापुढं मी हात टेकले होते. सासूबाई मुलगा जेवल्याशिवाय जेवत नसत. पूर्वी सासरे शेतावरून येऊन जेवले की मगच त्या ताट घ्यायच्या. सासरे गेले, नियम मुलाकडं आला. रात्रभर उभा राहून आलेला माणूस सकाळी झोपणार, आणि दुपार झाली की सासूबाई त्याच्या उशाशी जाऊन म्हणणार, "ऊठ रे, दोन घास खा नि मंग नीज." तोही उठायचा. आई उपाशी आहे म्हटल्यावर कोण झोपेल? डोळे अर्धे मिटलेले, समोर भाताचा डोंगर. जेवून पुन्हा पडला तरी तुटलेली झोप काही सांधली जायची नाही. मग संध्याकाळपर्यंत नुसती कूस बदलणं.

डब्याचंही तेच. घरचा तांदूळ, त्यावर सुक्या बोंबलाचं कालवण. सासूबाई भात दाबून दाबून भरायच्या. "मधल्या सुट्टीत जेवलो का डोळ्यांवर झापडच येती," असं तो म्हणाला, तेव्हापासून डबा मी हातात घेतला. नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, काकडी. पहाटेसाठी वेगळ्या पुडीत भाजलेले शेंगदाणे. पोट भरावं पण जड होऊ नये, एवढाच माझा हिशेब. सासूबाई डब्यात डोकावून म्हणाल्या, "भाताबिगर माणूस उभा कसा राहील गो?" मी म्हटलं, "उभा राहील, आडवा होणार नाय."

आणि एवढं करून हा हातमोजा. डबा हलका करून काय उपयोग, डोळ्यांत झोपच साचलेली. त्या दुपारी सासूबाई उशाशी जायला निघाल्या तशी मी त्यांच्या पुढ्यात हातमोजा ठेवला. त्यांनी तो उलटापालटा केला. कापलेल्या टोकातून स्वतःचं बोट बाहेर काढून पाहिलं. मग तो माझ्याकडं देऊन त्या म्हणाल्या, "निजू दे त्याला."

मला वाटलं, सुटले. मी दोन ताटं घेतली. सासूबाईंनी आपलं ताट पालथं घातलं. "तो उठला का जेवन मी. सांजच्याला."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. भातकापणीचे दिवस, वर ऊन, आणि ही बाई सकाळच्या चहावर विळा घेऊन शेतात. माझा जीव आता दोन ठिकाणी टांगला. मी विनवलं, रागावले, शेवटी अबोला धरला. त्या ऐकून घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. एका दुपारी बांधावर त्यांना घेरी आली. शेजारणीनं धरून आणलं, तोंडावर पाणी मारलं, त्या गडबडीत नवरा जागा झाला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मोबाइलवर दुपारचा गजर लावला, आईच्या जेवणासाठी.

तेव्हा मी ठरवलं की माणसं बदलत नसतील तर दुपारच सरकवू. भातानं झोप येते ना? मग भात झोपायच्या आधी. तो सकाळी घरी पोचायच्या आत मी भात, वरण, कालवण, सगळा स्वयंपाक करून ठेवू लागले. तो हातपाय धुऊन पानावर बसायचा, पोटभर जेवायचा. त्याच्या मागून सासूबाई, त्यांच्या मागून मी. खिडकीला मी जाड गोधडी टांगली. तो सरळ संध्याकाळपर्यंत झोपू लागला. सासूबाई दुपारी चहाबरोबर भाकरीचा तुकडा खायच्या, ते जेवण नव्हे असं त्यांचं मत. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडं सूर्य लवकर डोक्यावर येतो वाटतं." येऊ दे. ओट्यावर आता सासूबाई स्वतः बसायच्या आणि कोणी हाक मारायच्या आधीच तोंडावर बोट ठेवायच्या. मला वाटलं, जिंकले. थोडे दिवस मी फुशारकीतच होते.

मग एका सकाळी गाडीचा आवाज अंगणात येऊन बंद झाला आणि नवरा काही आत येईना. मी बाहेर गेले. तो गाडीवर तसाच, हेल्मेट घातलेला, दोन्ही पाय टेकवून बसलेला. मी खांद्याला हात लावला तसा दचकला.

"घरी आलो?" तो म्हणाला.

त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "सरळगाव गेल्यालं कळलं. त्याच्या फुडचा रस्ता आठवत नाय."

त्या रस्त्यानं घाटाकडचे ट्रक जातात, एसटी जाते. मी ओरडलेच. वाटेत टपऱ्या आहेत, धाबे आहेत, थांबून तोंडावर पाणी मारायचं, चहा घ्यायचा, बाकड्यावर घटकाभर पडायचं. थांबायला काय झालं होतं?

"आई थांबली आसंल ना जेवायची," तो म्हणाला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मला त्यांच्यावर फार राग आला आणि त्याहून जास्त स्वतःवर, कारण सकाळच्या ताटाची ही युक्ती माझीच होती. आधी तो आईसाठी झोपेतून उठायचा. आता आईसाठी झोपेत गाडी हाकत होता. मी तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या एका ताटापायी पोराचा जीव जाईल, असंसुद्धा बोलले. त्या दिवशी तो जेवल्यावर त्यांनी ताट घेतलं, पण भात चिवडून उठल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माझा फोन वाजला. पाळी सुटली की तो "निघालो" एवढंच सांगायला फोन करतो. मी उचलणार तेवढ्यात सासूबाई चुलीपासून उठून आल्या. त्यांच्या हातात ताट होतं, त्यात भात वाढलेला. "थांब," असं त्यांनी मला खुणेनं सांगितलं. ताट खाली ठेवलं, भात कालवला, घास उचलला. तो तोंडापर्यंत गेला आणि थांबला. फोन वाजतच होता. मग त्यांनी डोळे मिटून घास तोंडात घातला, आणि डाव्या हातानं फोन घेतला. मी बटण दाबून दिलं.

"जेवले रे मी," त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या. "हां, आत्ताच. खोटं कशाला बोलू, तोंडात घास हाय. तू सावकाश ये. झोप आली का थांब. पडून ये."

फोन माझ्या हातात देऊन त्या पुन्हा ताटाशी बसल्या. एकेक घास खाल्ला, पाणी प्यायल्या, ताट स्वच्छ केलं. डोळे पुसले नाहीत, ते वाहत होते तसेच वाहू दिले. मी त्यांच्याकडं पाहायचं टाळलं.

तो नेहमीच्या वेळेला आला नाही. ऊन अंगणातून ओट्यावर चढलं. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. सासूबाई मला म्हणाल्या, "झोपला आसंल बाकड्यावर. तूच म्हनलीस ना थांबावं. जेवून घे तू." मी ताट वाढून घेतलं. भात कालवला. घास काही उचलेना. आतबाहेर करत राहिले, एसटीचा आवाज आला तरी कान टवकारत राहिले.

तो आला तेव्हा त्याच्या गालावर बाकड्याच्या फळीचा वळ होता. चेहरा मात्र ताजा होता. आत येऊन त्यानं आधी आईकडं पाहिलं, मग माझ्यापुढच्या ताटाकडं. त्यातला कालवलेला भात सुकून गेला होता.

"ही नाय जेवली," सासूबाई म्हणाल्या. "मला शिकवती."

मला कळलं की आता त्याला माझंही ताट रस्त्यात दिसणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताना फोन वाजला. सासूबाईंनी आधी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घास कोंबला, आणि मग फोन माझ्या हातात दिला.