विहाराची भिंत आणि माझं सिलिकोन

मामांचा फोन आला. "सुजाता, ते औषध अजून एक डबा आण. विहाराची भिंत सोलायला लागलीय. मीच दुसरा हात पातळ मारला असणार." काय झालंय ते मला फोनवरच कळलं होतं. शनिवारची रजा टाकली आणि निघाले, डबा न घेता.

मी नवी मुंबईत सिलिकोनच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. मामा निवृत्त शिक्षक, रायगडातल्या दिघीच्या पुढच्या एका खेड्यात राहतात. दोन वर्षांपूर्वी, विहाराच्या भिंतीत पाऊस मुरू नये म्हणून, मोठ्या तोऱ्यात सिलिकोनचा तो डबा मीच त्यांना नेऊन दिला होता.

गेटवेहून मांडव्याची कॅटमरान पकडली. अलिबागपर्यंतची बस तिकिटातच असते, तेव्हा मांडव्याला रिक्षावाल्यांच्या गराड्यात सापडू नका. एरवी मी शेजारच्या प्रवाशाला पिडलं असतं: काचेभोवतीची ती लवचीक पट्टी, बाळाच्या बाटलीचं बूच, केस गुळगुळीत करणारा शांपू, सगळी एकाच घराण्यातली मंडळी. सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक गुंफलेली लांब साखळी, आणि बाहेरच्या अंगाला पाण्याशी उभा दावा असलेले मिथाइलचे गट. त्या दिवशी तोंड उघडावंसं वाटलं नाही. अलिबागहून मुरूडला एसटीने गेले. तिथे स्टँडजवळ बांगड्याची थाळी छान मिळते, मी अर्धी ताटात तशीच टाकली. पुढे आगरदांड्यापर्यंत रिक्षा आणि तिथून दिघीची फेरीबोट. बोटीत गाडीही चढते. खाडीचं पाणी मळकट होतं आणि वाराही पडला होता.

विहार जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे. धर्मांतरानंतर काही वर्षांनी वस्तीने तो स्वतः बांधला. घरटी एकाने डोक्यावरून चिरा आणायचा आणि त्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर छिन्नीने कोरायचं, असं ठरलं होतं. त्या अक्षरांची रांग जमिनीपासून हातभर उंचीवर आहे.

म्हणजे होती. चिऱ्यांचे पापुद्रे बोटभर जाडीने सुटले होते आणि मागे पांढरं मीठ फुललं होतं. मामांनी पडलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. "चिकटवता येतील ना?"

"नाही, मामा. आणि हात पातळ नव्हता. चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. माझ्या सिलिकोनने पाऊस बाहेर अडवला खरा. पण खाडीचं खारं पाणी भिंतीत खालून चढतं. पूर्वी ते पृष्ठभागावर येऊन सुकायचं, मीठ झाडूने झाडता यायचं. आता पृष्ठभागाच्या आतच वाफ होते, मीठ तिथेच साठतं, फुगतं आणि दगडाचं तोंड उडवतं. हे मला माहीत असायला हवं होतं. जमीन न तपासता मी डबा दिला, आणि दगडात मुरलेलं सिलिकोन आता काढताही येत नाही.

"लावलंच नसतं तर?"

"अक्षरं राहिली असती."

मामांनी बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावलं. तेवढ्यात काठी टेकत काशीमावशी आली. चिरे वाहणाऱ्यांपैकी आता ती एकटीच उरली आहे. तिने भिंत चाचपली.

"मास्तर, माजा 'का' कुटं गेला? हितंच व्हता."

"पावसानं गेला, मावशी," मामा म्हणाले. जन्मभर खोट्यासाठी पोरांचे कान पिळलेला माणूस!

"मला तेवडंच अक्षर येत व्हतं. दुसरं कंदी शिकलेच न्हाय."

मी मामांचं म्हणणं खोडून काढलं नाही. रात्री मामींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, ती खाल्ली. सकाळच्या फेरीने परत निघाले. मामा धक्क्यावर सोडायला आले. मला लाज वाटत होती, अजूनही वाटते.

घरी येऊन आठ दिवस झाले. तिकडे जाणार असाल तर खाडीकाठच्या जुन्या दगडाला असलं काही लावू नका, कुणी कितीही शिकलेलं सांगो. मामा मला पाठीशी घालत राहतील, पण वस्तीतली मुलं हा ब्लॉग वाचतात. काशीमावशीला वाचता येत नाही. तेव्हा मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी तिच्या ओट्यावर बसून तिला हे मोठ्याने वाचून दाखवा: मावशी, तुझं अक्षर पावसाने नेलं नाही. मी नेलं.