माइकपुढे दिलेलं मत

पॉपकॉर्नचा खारट वास आला की चंद्रपूरच्या थिएटरबाहेर मी माइकपुढे तोडलेले अकलेचे तारे आठवतात. मूलहून बस धरून आम्ही नवराबायको एक हलकाफुलका प्रेमाचा पिक्चर पाहायला गेलो होतो. त्यातली नायिका तिला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरच 'मुलगा पसंत नाही' म्हणते आणि तिथून सगळी गंमत सुरू होते. बाहेर रणरणत्या उन्हात एक तरुणी मोबाइलला माइक लावून प्रेक्षकांची मतं घेत होती. "कसा वाटला, काका?" मी ढेरी पुढे काढून सांगितलं, "पिक्चर मस्त, पण खोटा. आमच्या झाडीपट्टीतल्या पोरी असं नाई म्हणत." माइक बायकोकडे वळला. ती पदर सावरत शांतपणे म्हणाली, "मी म्हटलं होतं. हे मले पाहाले आले, पण माह्याकडं पाहेतच नाई, निस्ते पोहे खाऊन राह्यले होते. मी आईले सांगतलं, मले हा मुलगा नाई पाहिजे. पण बाबांनं तवरिक होकार देऊन टाकला होता." भोवतीची माणसं हसली. माझ्या हातातला पुडा तिरपा होऊन पॉपकॉर्न रस्त्यावर सांडले. लग्नाला सव्वीस वर्षं, दोन लेकरं, आणि मला याचा पत्ताच नव्हता! परतीच्या बसमध्ये धीर करून विचारलं, "अन् आज कोणी विचारलं तर?" तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "घरी जाऊन कळवतो."